चिऱ्याच्या घराची लेव्हल: लेझर निवडीपासून पन्हळीपर्यंतच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण: हर्णै–आंजर्ले पट्टा, ता. दापोली.
काम: चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या घराची दुरुस्ती, मागे ६.२ × ३.६ मीटरची नवी खोली, पत्रा उतरवून पुन्हा मंगलोरी कौलं, फरशी, न्हाणीघर, वायरिंग, पन्हळ.

१८ नोव्हेंबर २०२४

तुळशीची लग्नं लागली, भात झोडून घरात आलं, माणसं कामाला मोकळी झाली. आज पहिली पाहणी.

घर चिऱ्याचं, मातीच्या सांध्यात बांधलेलं, बाहेरून नंतर सिमेंटचा गिलावा चढवलेला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन–दिवेआगरच्या बाजूनं जमिनीवर आलं, त्यात दापोली-मंडणगडकडची कितीतरी घरं उघडी पडली. हे त्यातलंच एक. कौलं गेली, वासे मोडले, मागच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. घरमालक काकांनी तेव्हा घाईनं पत्रा घातला तो अजून आहे. पावसात त्याखाली शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आता परत कौलं.

मेस्त्रींनी लेव्हल पाहायची त्यांची पारदर्शक नळी आणली होती, तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं. बादलीतून सावकाश पाणी भरून घेतलं, आत बुडबुडा राहिला नाही हे नीट पाहिलं आणि घरभर फिरलो. ओसरीच्या उंबऱ्यापासून मागच्या दारापर्यंत ९.५ मीटरमध्ये जमीन ४१ मिमी उतरते. पडवीचा उत्तरेकडचा खांब २३ मिमी बसलाय. माजघराच्या समोरासमोरच्या दोन भिंतींच्या माथ्यात १८ मिमीचा फरक.

भिंतीवर उजेडाची सरळ रेघ टाकणारं लेझरचं यंत्र आणायचं बोलणं निघालं, तेव्हा काकांनी विचारलं, "लेझर आणलात की सगळं सरळ होईल ना?"

म्हटलं, "काका, लेझर लावल्यावर आधी सगळं वाकडं दिसेल. त्यातलं सरळ काय करायचं ते आपण बसून ठरवू."

२१ नोव्हेंबर

लेझर घ्यायचा हे नक्की. कोणता, ते दुकानात ठरवलं तर दुकानदार ठरवेल. म्हणून आधी कामांची फोड करून ठेवतो.

घरातली कामं जवळची आहेत. सर्वांत लांब अंतर ९.५ मीटर. फरशीच्या ठिय्यांसाठी (पातळी दाखवणाऱ्या मसाल्याच्या गोळ्यांसाठी) आडवी रेघ, टाइल्ससाठी उभी रेघ, बोर्डांच्या उंचीसाठी पुन्हा आडवी. चौकटी ओळंब्यात आहेत की नाहीत ते पाहायला उभी. इथे रेषा टाकणारा लेझर चालतो आणि तो ३६० अंशांचा असेल तर फारच सोयीचं, कारण खोलीच्या मध्यावर एकदा ठेवला की चारही भिंतींवर एकच रेघ मिळते. नुसता फुलीच्या आकाराची रेघ टाकणारा स्वस्त असतो, पण तो दर भिंतीला फिरवावा लागतो, आणि फिरवताना तिवई हलली की उंची गेली.

बाहेरचं काम वेगळं. नव्या खोलीचं जोतं उन्हात आखायचं आहे. थेट उन्हाचा प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो. लेझरची शक्ती असते एक मिलिवॉटच्या आत, तीही सगळ्या रेषेभर पसरलेली. तिचा रंग कोणताही असो, दुपारी डोळ्यांना ती दिसणार नाही. दोन वाटा आहेत: पल्स मोड (रेघ डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगानं उघडझाप करते) असलेला लेझर आणि त्यासोबत डिटेक्टर (ती रेघ पकडून आवाज देणारं छोटं यंत्र), किंवा संध्याकाळी आखणी. मोठ्या प्लॉटवर फिरता रोटरी लेझर घेतात. त्याची अचूकता चांगली असते, ३० मीटरला दीड मिलिमीटरच्या आसपासचेही मिळतात, पण आपल्या कामाला तो भारी आणि महाग. विहीर, शोषखड्डा आणि रस्ता यांच्या पातळ्या घ्यायला ओळखीच्या सर्व्हेअरकडून ऑटो लेव्हल (तिवईवरची लेव्हलची दुर्बीण) एका दिवसापुरती आणली की भागतं.

अचूकतेचा हिशेब: घरगुती कामाच्या लेझरवर बहुधा मीटरला ०.३ मिमी अधिक-उणे असं लिहिलेलं असतं. ९.५ मीटरला ते २.८५ मिमी होतं. जमिनीतला फरक ४१ मिमीचा आहे आणि फरशीखालचा मसाला दोन-तीन मिलिमीटर पोटात घेतो, म्हणजे हे पुरे. मीटरला ०.२ मिमीवाला मिळाला तर उत्तम, मात्र नुसत्या त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजायचे नाहीत.

२६ नोव्हेंबर

चिपळूणला दुकानं पालथी घातली. खोक्यांवर '१२ लाइन', '१६ लाइन' अशी अक्षरं एवढी मोठी की बाकी काही वाचायलाच मिळत नाही. १२ लाइन म्हणजे तीन पातळ्या, म्हणजे यंत्राभोवती पूर्ण फिरणाऱ्या तीन रेघा: एक आडवी आणि दोन उभ्या. १६ म्हणजे त्यात आणखी एक आडवी. काही यंत्रांत प्रत्येक पातळी चार वेगळ्या तुकड्यांची बनलेली असते. तिथे एक तुकडा संपून दुसरा सुरू होतो त्या जागी रेघ पायरीसारखी सरकलेली आहे का ते पाहायचं. शंकूच्या आरशावरून एकच सलग वर्तुळ टाकणारी यंत्रं आली आहेत, त्यांत हा प्रश्न येत नाही. मला १६ लाइनची गरज दिसत नाही. टाइल्सवाल्याला जमिनीलगतची जादा आडवी रेघ आवडते, ते खरं, पण मीटरची खूण (फरशीच्या पातळीपासून एक मीटर वर मारलेली) भिंतीवर असली की तेच काम होतं.

हिरवा की लाल, यावर दुकानात सगळे एकमुखानं हिरवा सांगतात. कारण समजून घेण्यासारखं आहे. उजेडात माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पोपटी प्रकाशाला सर्वांत जास्त संवेदनशील असतो. हिरवे लेझर ५२० ते ५३२ च्या घरात, लाल ६३५ ते ६५० च्या. सारख्याच शक्तीचे घेतले तर ५२० चा हिरवा डोळ्याला ६३५ च्या लालपेक्षा साधारण तिप्पट ठळक दिसतो, ६५० च्या लालपेक्षा सहापटीहून जास्त. म्हणजे लाल-लालमध्येही फरक आहे. खोक्यावर ६५० लिहिलेला लाल आणि ६३५ लिहिलेला लाल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि हे कोणी दुकानदार आपणहून सांगत नाही.

हिरव्यातही दोन जाती. जुन्या पद्धतीत न दिसणाऱ्या अवरक्त लेझरपासून स्फटिकांतून ५३२ चा हिरवा काढतात. तो उष्णतेला नाजूक असतो आणि बॅटरी जास्त खातो. आता थेट हिरव्या डायोडची यंत्रं मिळतात, ५१५ ते ५२० ची. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या उकाड्यात काम चालतं, म्हणून थेट डायोडचाच बघायचा. चालण्याच्या तापमानाची वरची मर्यादा बहुतेकांवर ४० अंश असते. उघड्या स्लॅबवर ठेवलेलं काळं यंत्र ती मर्यादा सहज ओलांडतं, तेव्हा छत्री हवीच.

आणखी तीन गोष्टी विचारल्या. पहिली, पल्स मोड आहे का. तो नसेल तर डिटेक्टर पुढे कधीच जोडता येणार नाही. दुसरी, डिटेक्टर हिरव्याचा आहे का, कारण लालचा डिटेक्टर हिरवी रेघ पकडेलच असं नाही. तिसरी, खालचा आटा. कॅमेऱ्याच्या तिवईचा आटा पाव इंची, बांधकामाच्या तिवईचा ५/८ इंची. दोन्ही असलेलं यंत्र कुठल्याही तिवईवर बसतं.

धूळ-पाण्यासाठी आयपी ५४ म्हणजे उडालेल्या पाण्यापर्यंत ठीक, आयपी ६५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यालाही ठीक. समुद्र एवढा जवळ असताना ६५ मिळाला तर घ्यावा. आपल्याकडे त्रास पावसापेक्षा खाऱ्या हवेचा.

दुकानदार ओळखीचे. दोन हिरवी यंत्रं तपासायला दिली: एक बिननावाचं १२ लाइनचं, एक नावाजलेल्या कंपनीचं तीन पातळ्यांचं. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या कितीतरी पट.

२९ नोव्हेंबर

आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण लेझर घेणाऱ्या प्रत्येकानं पैसे देण्याआधी हे करायला हवं आणि फार थोडे करतात.

गोडाउनमध्ये समोरासमोर दोन भिंती, मधलं अंतर बरोबर ५ मीटर. मेस्त्रींच्या मुलाचा लाल लेझरही घेतला, म्हणजे एकूण तीन यंत्रं.

पद्धत अशी. यंत्र पहिल्या भिंतीजवळ तिवईवर ठेवायचं, स्थिर होऊ द्यायचं. पहिल्या भिंतीवर रेघेच्या मध्यावर पेन्सिलीनं खूण करायची. यंत्र जागच्या जागी १८० अंश फिरवून समोरच्या भिंतीवर दुसरी खूण. आता यंत्र उचलून दुसऱ्या भिंतीजवळ न्यायचं आणि तिवई वर-खाली करून रेघ बरोबर त्या दुसऱ्या खुणेवर आणायची. मग पुन्हा १८० अंश फिरवून पहिल्या भिंतीवर तिसरी खूण. पहिली आणि तिसरी खूण यांतलं अंतर मोजायचं. प्रवास दोनदा ५ मीटर, म्हणजे १० मीटर. मीटरला ०.३ मिमीच्या यंत्राला ३ मिमीपर्यंत माफी.

लाल यंत्र: २ मिमी. बसलं.

बिननावाचं हिरवं: पुढच्या तोंडानं २ मिमी. यंत्र ९० अंश फिरवून बाजूच्या तोंडानं तीच चाचणी केली, ६ मिमी. शिवाय दोन तुकड्यांच्या सांध्यावर रेघ २ मिमी सरकलेली. फक्त पुढचं तोंड तपासलं असतं तर हे यंत्र पास झालं असतं.

कंपनीचं हिरवं: चारही तोंडांनी दीड मिलिमीटरच्या आत.

उभ्या रेघेसाठी ओळंबा तीन मीटरवरून सोडला. वाऱ्यानं डोलू नये म्हणून त्याचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवलं. मेस्त्रींची ही जुनी युक्ती आहे आणि तिच्याहून चांगली मला माहीत नाही. दोरी आणि रेघ वरपासून खालपर्यंत एकमेकींवर. लाल यंत्राचीही उभी रेघ चांगली निघाली.

रेघेच्या जाडीचंही लिहून ठेवतो. पाच मीटरवर ती दोन-तीन मिलिमीटर जाड असते. एकानं वरच्या कडेला खूण केली आणि दुसऱ्यानं खालच्या, तर यंत्राची सगळी अचूकता तिथेच संपली. साइटवर सगळ्यांनी मध्यावरच खूण करायची, असं ठरलं.

कंपनीचं यंत्र घेतलं, डिटेक्टरसह. मेस्त्री म्हणाले, "भाऊ, नळी पण राहू दे हां गाडीत." नळी राहणारच. कोपऱ्यापलीकडे, भिंतीच्या आड, बॅटरीशिवाय लेव्हल नेणारं दुसरं साधन नाही. बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि नळीचं एक टोक उन्हात तापू द्यायचं नाही. तापलेल्या बाजूचं पाणी हलकं होऊन थोडं वर चढतं.

४ डिसेंबर

जोत्याची आखणी. लेझर सकाळीच लावला. साडेनऊनंतर रेघ डोळ्यांना दिसेनाशी झाली, अपेक्षेप्रमाणे. पल्स मोड लावून पट्टीवर डिटेक्टर बसवला. त्याचा आवाज ऐकून पोरं पट्टी वर-खाली करतात, एकसुरी आवाज आला की तिथे खूण. वीस मिनिटांत सगळ्यांच्या हातात बसलं. पल्स मोडमध्ये रेघ किंचित मंद होते, घरात काम करताना तो बंद ठेवायचा.

लांबचा बिंदू १४ मीटरवर होता, विहिरीच्या कठड्यापाशी. तिथे ४.२ मिमीपर्यंत चूक संभवते. अशा वेळी यंत्र दोन बिंदूंच्या बरोबर मध्ये ठेवायचं आणि दोन्हीकडे यंत्राचं तेच एक तोंड फिरवून धरायचं. मग यंत्रात जो काही तिरपेपणा असेल तो दोन्हीकडे सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो. पुढच्या तोंडानं एक वाचन आणि मागच्या तोंडानं दुसरं घेतलं तर उलट चूक दुप्पट होऊ शकते. ३६० अंशांच्या यंत्रात हा मोह फार, कारण रेघ सगळीकडे असतेच.

काटकोन संध्याकाळी काढला. ऊन गेलं, दोन उभ्या पातळ्या जमिनीवर स्वच्छ दिसायला लागल्या, त्यांच्या छेदावर खुंटी. मग टेपनं कर्ण. ६.२ आणि ३.६ ला कर्ण ७.१७ मीटर यायला हवा. दोन्ही कर्ण जुळले.

१९ डिसेंबर

चिऱ्याचं बांधकाम कमरेपर्यंत आलं. इथे एक गोष्ट दिसली जी मला कुठल्या माहितीपत्रकात सापडली नव्हती.

गिलावा केलेल्या पांढऱ्या भिंतीवर हिरवी रेघ लखलखीत. उघड्या चिऱ्यावर तीच रेघ फिकी, तुटक. मेस्त्रींच्या मुलानं त्याचा लाल लेझर शेजारी लावला, तर चिऱ्यावर दोघांत फारसा फरक राहिला नाही. कारण समोरच आहे. जांभा लालसर तपकिरी, तो लाल प्रकाश बऱ्यापैकी परत पाठवतो आणि हिरवा बराचसा पिऊन टाकतो. त्यात पृष्ठभाग खडबडीत आणि छिद्रांचा, रेघ खड्ड्यात शिरते. तिप्पट ठळकपणाचा हिशेब पांढऱ्या पृष्ठभागाचा आहे. ज्याचं काम मुख्यतः उघड्या चिऱ्यावर आहे, आणि कोकणात अशी कामं भरपूर आहेत, त्यानं हिरव्यासाठी जादा पैसे देण्याआधी दुकानात चिऱ्याचा तुकडा घेऊन जावं आणि त्यावर दोन्ही रंग टाकून पाहावेत.

आमचा उपाय सोपा. लग्नपत्रिकेचा पांढरा जाड कागद चिऱ्यापुढे धरायचा, रेघ त्यावर घ्यायची, खूण मागे न्यायची. शिवाय चिऱ्याच्या थरांना लेझर फक्त कोपऱ्यांवर लागतो. दोन कोपरे लेव्हलमध्ये आले की मध्ये लाईनदोरी. हात दोरीवर बसलेले आहेत, तिथे लेझर घुसवण्याची गरज नाही.

८ जानेवारी २०२५

पत्रा उतरवला. भिंतींचे माथे उघडे पडले. त्या १८ मिमीच्या फरकावर काँक्रीटचा पट्टा टाकून माथा एका पातळीत आणायचा आहे, वर तुळया आणि मग वासे. शटरिंगच्या कडेवर लेझरची रेघ घेतली.

यंत्र आधी माळ्याच्या फळ्यांवर ठेवलं होतं. कोणी चाललं की रेघ नाचते. रेघ आपोआप आडवी ठेवणारा आतला लोलक चुंबकानं आवरलेला असतो आणि काही सेकंदांत स्थिर होतो, पण पाच माणसं सतत चालत असतील तर त्याला तेवढी उसंत मिळत नाही. भिंतीला ब्रॅकेट ठोकून त्यावर लावलं, रेघ शांत. यंत्र तीन-चार अंशांपेक्षा जास्त कललं की रेघ लुकलुकते. पोरांना सांगून ठेवलंय: रेघ लुकलुकली तर कोणी खूण करायची नाही. आणि उचलण्याआधी लोलकाचं कुलूप लावायचं, प्रत्येक वेळी, दोन पावलं न्यायचं असलं तरी.

घरात दोन लहान मुलं आहेत, ती रेघ पकडायला धावतात. यंत्र क्लास २ चं आहे, एक मिलिवॉटच्या आतलं. चुकून नजर गेली तर पापणी आपोआप मिटते आणि तेवढं संरक्षण पुरतं, पण मुद्दाम टक लावून पाहायचं नाही. यंत्रासोबतचा रंगीत चष्मा डोळे वाचवण्यासाठी नाही, रेघ ठळक दिसण्यासाठी आहे. वायरमन तो घालून निर्धास्त झाला होता, त्याला समजावलं.

२७ जानेवारी

आज जमिनीचा निर्णय झाला. या कामातला सर्वांत अवघड.

सगळ्या खोल्यांत एक मीटरची खूण मारून झाली. भिंतींवर एकच आडवी रेघ घरभर फिरते आणि तिच्या खाली जमीन ओसरीपासून मागे उतरत जाते, ४१ मिमी. फरशीवाला म्हणाला, मागून भर टाकून सगळं एका पातळीत आणू, झक्क होईल. मागच्या दाराशी ४१ मिमी भर, वर मसाला आणि टाइल. मग स्वयंपाकघराचा उंबरा बुडतो. देवघराची चौकट मुळातच ठेंगणी, ती आणखी ठेंगणी होते. सागवानी दारं खालून कापावी लागतात.

काकू इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "उंबरा बुडवायचा नाही. बाकी तुम्ही काय ते करा."

मी काकूंच्या बाजूचा आहे. जुन्या घराला कोऱ्या फ्लॅटसारखं सपाट करण्याच्या नादात त्याची दारं आणि उंबरे घालवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ठरलं ते असं: प्रत्येक खोली स्वतःपुरती पूर्ण लेव्हलमध्ये, आणि खोल्या-खोल्यांतला फरक उंबऱ्यांपाशी वाटून घ्यायचा. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर अशा तीन पातळ्या, मध्ये दोन उंबरे, प्रत्येकापाशी साधारण २० मिमीचा उतार. उंबरा ओलांडताना पाय तसाही उचलला जातो, त्यामुळे कोणाला ठेच लागणार नाही. लेझरनं तिन्ही खोल्यांची मीटरखूण पुन्हा मारली, आधीच्या रेघेपासून मोजून, प्रत्येक खोलीची वेगळ्या रंगात. नाहीतर फरशीवाला चुकीची रेघ धरणार.

भिंतींच्या बाबतीतही तसंच. माजघराची पूर्वेची भिंत उभ्या रेघेत पोट काढून आहे, मधोमध २८ मिमी. गिलाव्यानं ते भरून काढायचं म्हणजे दोन्ही टोकांना नुसता मसाला चढवणं. मातीच्या सांध्यातल्या भिंतीवर सिमेंटचा एवढा जाड थर मला नको आहे. तिथे कपाट-बिपाट बसायचं नाही. पोट राहू दे. स्वयंपाकघराच्या ओट्यामागची भिंत मात्र टाइल्सची, ती ओळंब्यात आणली.

११ फेब्रुवारी

न्हाणीघर. उतारासाठी लेझर तिरका करण्याची गरज नाही. रेघ आडवीच ठेवायची आणि तिथून खाली मोजायचं. दारापाशी रेघेपासून १००० मिमी, जाळीपाशी १०२२. अंतर १.८ मीटर, उतार मीटरला १२ मिमी. लाकडी पट्टीवर दोन खुणा केल्या, फरशीवाला तीच पट्टी फिरवतो. टाइल बसल्यावर बादलीभर पाणी ओतून पाहिलं, कोपऱ्यात थेंब थांबला नाही.

बोर्ड, गिझरचे पाइप, आरशाच्या खुंट्या एका दुपारी आखून झाल्या. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

१३ मार्च

होळी. शिमग्यासाठी काम बंद. पालखी येऊन गेली की सुरू.

२ एप्रिल

पन्हळ. दर्शनी वळचण ११ मीटर. मधून दोन्हीकडे उतार दिला, प्रत्येक बाजूला ५.५ मीटर, मीटरला ५ मिमी, म्हणजे टोकाला २८ मिमी खाली. इथे लोलकाचं कुलूप लावून रेघ तिरकी धरता येते, तशी सोय आहे. मी आडव्या रेघेवरूनच मोजून दोन टोकं आणि मध्य पक्के केले आणि दोरी ताणली. तिरकी धरलेली रेघ कोणाचा धक्का लागून सरकली तर कळत नाही. आडवी रेघ स्वतःला सावरते, नाहीतर लुकलुकून सांगते.

दुपारी काच धूसर. रेघ पसरट आणि फिकी दिसायला लागली तेव्हा लक्षात आलं. खाऱ्या हवेचा थर. मऊ सुती कापड किंचित ओलं करून पुसलं, मग कोरडं. आता रोज संध्याकाळी हे करायचं. एसी लावलेल्या गाडीतून यंत्र थेट बाहेर काढलं की दमट हवेत काचेवर बाष्प धरतं, तेव्हा थोडा वेळ पेटीतच राहू द्यायचं, पुसाघाशी करायची नाही.

२६ मे

यंदा पाऊस कोणाची वाट न बघता आला. २० तारखेपासूनच झोडपतोय आणि काल मोसमी पाऊस कोकणात दाखल झाल्याचं जाहीर झालं. एरवी आपण जूनच्या पहिल्या आठवड्याचा हिशेब धरतो. कौलं बसलेली होती म्हणून निभावलं, बाहेरचा रंग राहिला तो राहिला.

सकाळी मुसळधार पावसात पन्हळीखाली उभा राहून पाहिलं. पाणी मधून दोन्हीकडे वाटलं जातंय, कुठे साचत नाही. दक्षिणेकडच्या टोकाला एक सांधा गळतो, त्याला सीलंट लावायचं, पाऊस उघडला की. माजघराच्या पूर्वेच्या भिंतीला आतून ओल नाही. काकूंनी उंबऱ्यावर रांगोळीच्या रेघा कायमच्या रंगवून घेतल्यात.

यंत्राची बॅटरी काढून वेगळी ठेवली. पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत. पेटी जमिनीवर ठेवायची नाही, फळीवर.

पुढचं काम केळशीला, पावसाळ्यानंतर. त्याआधी गोडाउनच्या भिंतींवर चारही तोंडं पुन्हा तपासायची आणि नळी बदलायची आहे, जुनी आतून शेवाळून हिरवी झालीय आणि पाण्याची पातळी नीट दिसत नाही.